मोहाच्या मुलखातून चिकूच्या किनाऱ्याला

झाडावरचा चिकू खुडला की देठातून पांढरा चीक टपकू लागतो. मोहाची कोवळी डहाळी मोडली तरी तसाच चीक बोटांना चिकटतो. हा योगायोग नाही. दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत आणि मराठी वनस्पतिशास्त्रात त्या कुळाला मोहावरूनच मधूक कुल म्हणतात. खिरणी आणि बकुळ ही त्याच घरातली भावंडं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मोह जंगलात आहे, धानाच्या बांध्यांच्या कडेला आहे आणि लोकांच्या वर्षाच्या हिशेबातही आहे. चिकू मात्र नांदतो तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अरबी समुद्राच्या काठी, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात.

डहाणूहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला निघालं की नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि झाई ही गावं एकामागून एक लागतात. झाईपुढे गुजरात सुरू होतो. वाइनचा मुलूख म्हटलं की सगळ्यांना नाशिक आठवतं, पण नाशिकला समुद्र नाही. समुद्र, फळबाग आणि फळांची वाइन या तिन्ही गोष्टी पायी फिरता येईल एवढ्या टापूत पाहायच्या असतील तर बोर्डी-घोलवडला जावं. आमच्या दवनीवाडा परिसरातून कुणी तिकडे चार दिवस जाणार असेल, किंवा नोकरीनिमित्त चार वर्षं राहणार असेल, तर त्या गावांचं रोजचं चक्र कसं चालतं हे आधी समजून घेतलेलं बरं. तिथला दिवस दोन गोष्टींवर ठरतो: समुद्राचं पाणी आणि फळाची पक्वता. दोन्ही माणसाच्या सोयीने चालत नाहीत आणि त्या गावातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या दोहोंपैकी एकीशी बांधलेली असते.

आधी वाट. गोंदियाहून दुपारी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचवते. तिथून पश्चिम रेल्वेवर यायचं आणि डहाणू रोडपर्यंत जाणारी लोकल धरायची. ही लोकल पूर्वी विरारपर्यंतच होती. २०१३ साली ती डहाणूपर्यंत गेली आणि किनाऱ्यावरच्या लोकांना मुंबईतली नोकरी, कॉलेज, दवाखाना हे सगळं जवळ आलं. डहाणू रोडपुढचं घोलवड स्टेशन छोटं आहे, तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. गाडी जुळत नसेल तर डहाणूहून रिक्षाने किंवा एसटीने किनाऱ्याच्या रस्त्याने जावं. खरं तर तोच रस्ता जास्त चांगला, कारण एका हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र, दुसऱ्या हाताला वाड्या म्हणजे फळबागा, असा सगळा मुलूख त्यावरूनच नीट दिसतो. दुसरी वाट उत्तरेकडून आहे. गोंदियावरून जाणाऱ्या हावडा-अहमदाबाद गाडीने सुरतला उतरायचं आणि तिथून दक्षिणेकडे खाली यायचं. मुंबईची गर्दी टाळायची असेल त्यांना ही वाट सोयीची.

पोहोचलात की पहिला प्रश्न समुद्राचा. आपल्याकडे पाणी चढतं-उतरतं ते वैनगंगेला पूर आला म्हणजे, आणि पुराला पाऊस लागतो. समुद्राच्या पाण्याला पाऊस लागत नाही. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या ओढीने ते रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आज सकाळी दहाला पाणी भरलेलं असेल तर उद्या ते अकराच्या सुमारास भरेल. बाहेरून आलेला माणूस काल जिथे फिरला तिथेच आज त्याच वेळी जातो आणि वाळू सापडत नाही म्हणून बुचकळ्यात पडतो.

किनाऱ्यावरच्या लोकांकडे याचा सोपा हिशेब आहे आणि तो घरातल्या पंचांगावर किंवा कॅलेंडरवर करता येतो. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा पंधरावी तिथी, गुणाकार सव्वाअकरा येतो. प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास किंवा थोडं नंतर भरतं. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. हा हिशेब घड्याळाइतका नेमका नाही, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो आणि जागेप्रमाणेही फरक पडतो. पण सहलीचा दिवस ठरवायला तो पुरतो. संध्याकाळी ओल्या वाळूवरून लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जावं, कारण तेव्हा सहा-सातच्या सुमारास ओहोटी असते. पाण्याच्या काठाशी बसून संध्याकाळ घालवायची असेल तर अष्टमीच्या आसपास जावं, तेव्हा सूर्य मावळताना पाणी भरलेलं असतं.

पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. त्यामुळे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ आडवी पडते आणि चढउतार कमी होतो, तो भांग. बोर्डीचा किनारा जवळजवळ सपाट आहे. पाण्याची पातळी थोडी उतरली तरी ते आडवं खूप मागे सरकतं आणि उधाणाच्या ओहोटीला समुद्र नजरेच्या टोकाला गेल्यासारखा वाटतो. त्यात उत्तरेला खंभातचं आखात आहे. ते आत आत निमुळतं होत जातं आणि पाणी कोंडल्यामुळे भरती-ओहोटीतला फरक त्या दिशेने वाढत जातो. म्हणून इथलं पाणी गढूळही दिसतं. रोजच्या या हालचालीने तळाचा गाळ सतत ढवळला जातो. पाणी गढूळ दिसतं म्हणून ते घाण आहे असं समजू नये. सपाट किनाऱ्याचा धोका मात्र लक्षात ठेवावा. ओहोटीला दूर गेलेल्या माणसाच्या मागे, किनाऱ्यालगतच्या खोलगट भागात पाणी आधी भरतं आणि तो मध्येच अडकू शकतो. पाणी परतू लागलं की आपणही परतावं, आणि ज्याला पोहता येतं त्याने तर हा नियम अधिकच पाळावा.

मासेमारीही याच गणितावर चालते. होड्या खाडीत येतात-जातात त्या भरतीच्या पाण्यावर, म्हणून माश्यांचा बाजार रोज एकाच वेळी भरेल असं नाही. मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाची वस्ती या किनाऱ्यावर जुनी आहे. पावसाळा संपला की बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात, त्यासाठी वेगळा धागा किंवा खिळा लागत नाही. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते, माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत गेलात तर ताज्या माशांची अपेक्षा ठेवू नये. सुकटीवर आणि वाडीतल्या भाजीवर जेवण होतं आणि तेही रुचकर असतं.

आता वाडीकडे वळू. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिकडे त्याच्या चिकापासून चघळायचा गोंद काढत. च्युइंगमचा उगम तोच. आपल्याकडे मात्र फळासाठी लागवड झाली. डहाणू परिसरात उबदार दमट हवा आहे, थंडीचा कडाका नाही आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन आहे, म्हणून झाड रुजलं. पारशी आणि इराणी कुटुंबांनी इथे मोठ्या वाड्या उभ्या केल्या, स्थानिक शेतकऱ्यांनीही केल्या, आणि त्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबले ते प्रामुख्याने वारली आणि इतर आदिवासी मजूर. ही तिसरी गोष्ट बागेच्या वर्णनात बहुधा गाळली जाते. घोलवडच्या चिकूची चव लिहिताना ती लिहिली नाही तर वर्णन अपुरं राहतं.

इथली मुख्य जात कालीपत्ती. पान गडद हिरवं, फळ लांबट गोल, गर गोड आणि बिया कमी. चिकूचं झाड बीपासून लावलं तर फळ धरायला फार वर्षं घेतं, म्हणून कलम करतात आणि कलमासाठी खुंट वापरतात तो खिरणीचा. खिरणी आपल्या विदर्भातल्या जंगलात आहेच. म्हणजे बोर्डीच्या वाडीतलं झाड वरून परदेशी आणि मुळांकडून देशी असतं. दोन झाडांत साधारण दहा मीटर अंतर ठेवतात, कारण झाड पसरतं आणि अनेक दशकं जगतं. समुद्रावरून येणारा खारा वारा पानं करपवतो, म्हणून किनाऱ्याच्या बाजूला सुरूची किंवा उंच झाडांची ओळ असते. नवा माणूस त्या ओळीला शोभा समजतो. वाडीवाल्यासाठी ती भिंत असते.

फुलापासून फळ तयार व्हायला आठ-दहा महिने लागतात आणि झाडावर एकाच वेळी कळी, लहान फळ आणि तयार फळ असं सगळं दिसतं. त्यामुळे चिकू कमी-अधिक वर्षभर निघतो, भर मात्र हिवाळ्यात असतो. इथेच खरी कारागिरी आहे. आंबा रंगाने आणि वासाने सांगतो, चिकू काहीच सांगत नाही. कच्चा आणि तयार चिकू दोन्ही तपकिरीच. तोडणारा काय पाहतो? फळावरची खरखरीत भुकटी बोटाने पुसली जाते का ते पाहतो. मग नखाने सालीवर हलकासा ओरखडा काढतो. खाली हिरवं दिसलं आणि चिकाचा थेंब आला तर फळ अजून ठेवायचं. पिवळसर दिसलं आणि चीक जवळजवळ आला नाही तर फळ तोडायचं. अनुभवी बाईमाणूस दर फळाला नख लावत बसत नाही. झाडाखाली उभं राहून नजरेनेच निवडते आणि लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत फळ अलगद उतरवते. फळ जमिनीवर पडू द्यायचं नाही. पडलेला चिकू बाहेरून धड दिसतो, पण दोन दिवसांनी आपटलेल्या जागी आतून नासतो आणि पेटीतल्या शेजारच्या फळांनाही नासवतो.

तोडल्यावर फळं धुतात, चीक आणि भुकटी घालवतात, आकाराप्रमाणे निवडतात आणि पेट्यांत भरतात. तयार पण कडक असलेला चिकू चार-सहा दिवसांत पिकतो. पिकला की दोन-तीन दिवसच चांगला राहतो. सगळा धंदा या चार-सहा दिवसांत बसवायचा असतो: वाडीतून पेटी, पेटीतून गाडी, गाडीतून मुंबई, गुजरात किंवा दिल्लीचा बाजार. रस्ता अडला, बाजारात माल जास्त झाला, ऊन अचानक वाढलं, की फळ हातात पिकतं. पावसाळ्यात बुरशीमुळे फळगळ होते, आणि बी पोखरणारी अळी गेली काही वर्षं वाडीवाल्यांची डोकेदुखी झाली आहे. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाला संरक्षण मिळालं, बाहेरचं कुणी तेच नाव लावून फळ विकू शकत नाही. पण मानांकनाने फळाचं आयुष्य वाढत नाही. ते वाढवायचं तर फळाचं रूप बदलावं लागतं. म्हणून चिकूच्या वाळवलेल्या चकत्या, भुकटी, हलवा, लोणचं असे पदार्थ इथे घरोघरी आणि बचत गटांत होतात. बोर्डीला हिवाळ्यात चिकू महोत्सव भरतो तेव्हा हे सगळं एका ठिकाणी चाखता येतं.

वाइन ही त्याच ओळीतली पुढची पायरी. बोर्डीच्या प्रियंका सावे यांनी ‘हिल झिल वाइन्स’ हा उद्योग उभा करून चिकूची वाइन बाटलीत आणली. ‘फ्रुझांते’ या नावाने ती विकली जाते आणि चिकूबरोबर आंबा, अननस अशा फळांच्या वाइनही तिथे होतात. बाजारासाठी जास्त पिकलेला चिकू वाइनसाठी नेमका योग्य असतो, हे यातलं मर्म. पिकलेल्या चिकूच्या गरात साखर भरपूर, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असते. कच्च्या चिकूत तुरटपणा फार असतो, त्याची वाइन जिभेला ओढून धरेल. म्हणून पूर्ण पिकू द्यायचं. मग साल-बी काढून गर करायचा. चिकूचा गर दाट आणि बुळबुळीत, त्याचा रस सहज सुटत नाही, म्हणून गराला सैल करणारी पाचकद्रव्यं वापरतात. द्राक्षात नैसर्गिक आंबटपणा असतो, चिकूत तो फार कमी. आंबटपणा नसेल तर वाइन मिळमिळीत लागते आणि टिकतही नाही, म्हणून तो बेताने वाढवावा लागतो.

त्यानंतर यीस्ट. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. आंबवण्याची ही क्रिया उष्णता निर्माण करते आणि किनाऱ्यावरची हवा आधीच उष्ण. तापमान वाढलं की फळाचा वास उडून जातो, म्हणून स्टीलच्या टाक्या थंड ठेवतात. गाळ तळाशी बसला की वरचं द्रव काढून घेतात, पुन्हा बसू देतात, गाळतात आणि बाटलीत भरतात. कुठे साखर थोडी ठेवतात, कुठे वायू ठेवून फेसाळ करतात. इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. वाइन फक्त आंबवलेली असते. मोहाची दारू आंबवून मग तापवतात, वाफ धरून थंड करतात, म्हणजे ती ऊर्ध्वपातित असते आणि त्यामुळे तिची तीव्रता कितीतरी जास्त. दोन्हींची सुरुवात एकच, साखर आणि यीस्ट. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून ते इतक्या सहज आंबतं.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. चिकूची वाइन आज परवान्याने, कर भरून, नावानिशी विकली जाते. त्याच कुळातल्या मोहाची आपल्याकडची दारू चोरून निघते. याचं कारण फळाच्या गुणात नाही, कायद्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास घडला तो याच किनाऱ्यावर. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारी मक्त्याखाली आलं. लोक मोहफुलं घरी ठेवून स्वतः गाळत राहिले, म्हणून १८९२ साली सरकारने फुलांवरच निर्बंध घालणारा मोहफूल कायदा केला आणि तो सुरुवातीला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत लागू झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे ज्या तालुक्यात आज चिकूची वाइन चाखायला पाहुणे येतात, तिथल्या वारल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी घरात मोहफुलं साठवणं गुन्हा ठरत होतं. भुकेच्या दिवसांत तीच फुलं अन्न म्हणून खाल्ली जात. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिलं आणि पुढे विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर ते आपल्यालाही लागू झालं. मोहफुलं गोळा करणं, ठेवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये सैल केले. द्राक्षाच्या वाइनला सवलती देणारं राज्याचं धोरण मात्र आलं होतं २००१ मध्येच.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन अलीराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचत गटांच्या हाती ती दिली. दारूने घरं उद्ध्वस्त झालेली आपल्या भागातल्या बायांनी पाहिली आहेत, गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या मागणीवरून, आणि त्या मागणीमागचं दुःख खरं आहे. म्हणून मोहाची दारू सरसकट खुली करा असं मी म्हणणार नाही. पण पहाटे उठून झाडाखालची जागा झाडणारी, एकेक फूल वेचून टोपलीत टाकणारी आणि अंगणात चटईवर ती वाळवणारी बाई फुलाच्या भावावरच अडकून राहते, आणि फुलाचं पुढे जे काही होतं त्याची कमाई तिच्यापर्यंत येत नाही. बोर्डीने नासणाऱ्या फळाला गावातच दुसरं रूप दिलं. मोहफुलाचा मुरंबा, लाडू, सरबत, भुकटी आपल्या जिल्ह्यात व्हायला दारूच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. तिथे जाऊन नेमकं हे पाहून यावं.

पाहुण्यासाठी काही नियम. वाइन चाखायची तर महाराष्ट्रात वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत; तीव्र मद्यासाठी २५. वाइनरी किंवा वाडी पाहायला आधी विचारून जावं. तो कुणाचा तरी कामाचा दिवस असतो आणि तोडणीच्या वेळी कुणाला बोलायला फुरसत नसते. झाईपुढे पाऊल टाकलं की गुजरात आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बोर्डीत घेतलेली बाटली पिशवीत ठेवून सहज उंबरगावला चक्कर मारून येऊ म्हटलं तर तो गुन्हा होतो. सुरतमार्गे परतणाऱ्यांनी तर बाटली घेऊच नये. गावाजवळ बहरोटच्या गुहा आहेत. संजाण या पारशी वस्तीवर हल्ला झाल्यावर समाजाने आपला पवित्र अग्नी या गुहांत लपवून जपला. तो डोंगर चढायचा तर स्थानिक वाटाड्या घ्यावा, सकाळी निघावं आणि पाणी सोबत ठेवावं. वर गेल्यावर ते आजही श्रद्धेचं ठिकाण आहे हे विसरू नये.

राहायला जाणाऱ्याचा अनुभव पाहुण्यापेक्षा वेगळा असतो. समुद्राजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी मचूळ लागू शकतं. गोड पाण्याचा जास्त उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं. म्हणून घर भाड्याने घेताना विहीर किंवा बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये कसं असतं हे शेजाऱ्यांना विचारावं. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. खिडक्यांचे गज, सायकल, पंखा, सगळं. पावसाचे चार महिने किनाऱ्यावर मुसळधार आणि सलग असतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू परिसरात भूकंपाचे छोटे धक्के वारंवार बसले, त्यामुळे जुन्या घराच्या भिंतीला भेगा आहेत का हेही पाहावं.

शिक्षणाचा वारसा मात्र मोठा आहे. बोर्डीची सुनाबाई पेस्तनजी हकीमजी शाळा १९२० पासूनची. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांकडे शाळाच न्यायची, त्यांच्या अंगणात बालवाडी भरवायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा चालवायची, हे तिथे करून पाहिलं गेलं. दवनीवाड्यात आज अंगणवाडी भरते त्यामागच्या विचाराचा एक झरा त्या किनाऱ्यावरचा आहे. कोसबाडला अवश्य जावं.

या किनाऱ्यावरच्या वाड्या आजवर टिकल्या त्याला कायद्याचाही आधार आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. पुढे १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेख ठेवणारं प्राधिकरण आलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. हे बंदर याच तालुक्याच्या किनाऱ्यावर होणार आहे आणि मच्छीमार व वाडीवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. समुद्रात भराव टाकला की पाण्याची आणि गाळाची वाट बदलते, आणि या किनाऱ्यावर पाण्याच्या वाटेवर किती जणांचं पोट आहे ते वर आलंच आहे. तिथे गेल्यावर चहाच्या टपरीवर, मासळीच्या बाजारात लोक आपणहून हा विषय काढतात. तेव्हा ऐकून घ्यावं. गोसेखुर्दच्या पाण्याखाली वैनगंगेकाठची गावं जाताना पाहिलेल्या आपल्या माणसांना ते बोलणं चटकन समजेल.

परतताना चिकू आणायचे तर पिकलेले घेऊ नयेत. तयार पण कडक फळं मागावीत आणि देताना विक्रेत्याने नखाचा ओरखडा काढून पिवळा दाखवावा असं सांगावं. पेटीत कागद घालून एक-दोन थरच ठेवावेत आणि प्रवासात पेटी बर्थखाली, उन्हापासून दूर ठेवावी. केळी किंवा पपई त्याच पिशवीत ठेवली तर चिकू वाटेतच पिकतात. घरी आल्यावर तांदळाच्या कणगीत किंवा सुकलेल्या तणसात ठेवले की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक पिकू लागतो. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून पाहावं. तिथे मऊ लागलं की तो आजच खायचा, उद्यावर ठेवायचा नाही.